शेक्सपिअरचा गृहपाठ

शेक्सपिअरच्या काळातल्या साहित्यावर संशोधन करतो असं कुणी सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "त्यात आता नवीन काय उरलंय?" प्रश्न रास्त आहे. चारशे वर्षं लोक ती नाटकं वाचताहेत, खेळताहेत, त्यांवर परीक्षा देताहेत. तरीही मोठ्या विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांत 'प्रबोधनकालीन साहित्य आणि रेटरिक' असा विषय असलेला एखादा तरी प्राध्यापक सापडतोच. यातला पहिला भाग कळायला सोपा आहे. इंग्लंडपुरता प्रबोधनकाळ म्हणजे साधारण 1500 ते 1660. थॉमस मोर, सिडनी, स्पेन्सर, मार्लो, शेक्सपिअर, डन, मिल्टन ही त्यातली ठळक नावं. अडतं ते रेटरिकपाशी, म्हणजे बोलून-लिहून मन वळवण्याच्या विद्येपाशी.

आज रेटरिक म्हटलं की पुढाऱ्याचं पोकळ भाषण डोळ्यांसमोर येतं, नाहीतर अलंकारांची कंटाळवाणी यादी. त्या काळी मात्र शाळेतली सगळ्यात मोठी विद्या हीच होती. मुद्दे शोधायचे कसे, मांडायचे कशा क्रमाने, कुठल्या शब्दांत, लक्षात कसे ठेवायचे आणि उभं राहून बोलायचे कसे, असे तिचे पाच भाग पाडलेले होते आणि ते सिसेरोसारख्या रोमन वक्त्यांकडून आलेले होते. शेक्सपिअरच्या पिढीचा शिकलेला माणूस कविता, पत्र, प्रवचन किंवा प्रेमाची कबुली, काहीही लिहायला बसला तरी हात याच वळणावर जायचा. म्हणून या विषयाच्या प्राध्यापकाचा अर्धा वेळ नाटकांपेक्षा शाळकरी मुलांच्या गृहपाठामागे जातो. माझ्या मते हा गृहपाठ कळल्याशिवाय ती नाटकं अर्धीच कळतात, आणि ते दाखवण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. पण आधी शाळेत जाऊन येऊ.

स्ट्रॅटफर्डच्या 'किंग्ज न्यू स्कूल'मध्ये शेक्सपिअर शिकला असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर त्या वर्षांची पटनोंदणी टिकलेली नाही. पण वडील 1568 मध्ये गावाचे प्रमुख झालेले, शाळा घरापासून चालत काही मिनिटांवर, आणि तिथल्या अभ्यासक्रमातली पुस्तकं नाटकांत पानोपानी डोकावणारी. एवढ्यावरून अभ्यासक ते मान्य करतात. टी. डब्ल्यू. बॉल्डविन या अमेरिकी प्राध्यापकाने 1944 मध्ये याच प्रश्नावर दोन जाडजूड खंड लिहिले. शेक्सपिअरला 'थोडंसं लॅटिन आणि त्याहून थोडं ग्रीक' येत होतं, असा चिमटा बेन जॉन्सनने 1623 मध्ये मित्राचं कौतुक करता करता काढला होता. बॉल्डविनने दाखवलं, की त्या काळच्या शाळेतलं 'थोडंसं लॅटिन' आजच्या पदवीधरालाही घाम फोडेल.

शाळा उन्हाळ्यात सकाळी सहाला भरायची आणि संध्याकाळपर्यंत चालायची. शिकायचं ते लॅटिन, आणि वरच्या वर्गांत बोलायचंही लॅटिनमध्येच. छडी भरपूर. मुली नाहीत. मोठ्या घरच्या मुलींना घरी शिक्षक ठेवत. पहिल्या एलिझाबेथ राणीला रॉजर अ‍ॅस्कमने असंच शिकवलं. या अ‍ॅस्कमची एक पद्धत पुढे फार गाजली. मुलाने सिसेरोचं एखादं पत्र इंग्रजीत उतरवायचं, मूळ पुस्तक मिटायचं, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग स्वतःच्या इंग्रजीवरून ते परत लॅटिनमध्ये लिहायचं. शेवटी दोन्ही लॅटिन शेजारी ठेवून पाहायचं, की सिसेरो कुठे सरस ठरला आणि का. भाषा शिकायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. ही पद्धत सांगणारं पुस्तक 1570 मध्ये, अ‍ॅस्कमच्या मृत्यूनंतर, छापून आलं.

त्याआधी इरॅस्मस या डच विद्वानाने मुलांच्या मागे एक वेगळीच तालीम लावून ठेवली होती. लंडनमध्ये जॉन कोलेटने 153 मुलांसाठी सेंट पॉल्स ही शाळा काढली, आणि तिच्यासाठी इरॅस्मसने शब्दांच्या नि आशयाच्या सुबत्तेवर एक पुस्तक लिहिलं. ते 1512 मध्ये छापलं गेलं. त्यात 'तुझं पत्र मिळून मला फार आनंद झाला' एवढंच एक साधं वाक्य घेऊन त्याने ते शंभराहून जास्त प्रकारे लिहून दाखवलं आहे. आपण मराठीत करून पाहू. तुझं पत्र आलं आणि दिवस सोन्याचा झाला. पत्र कसलं, तूच दारात उभा राहिलास. दोन ओळी लिहिल्यास, पण त्यांनी महिन्याभराचा शीण घालवला. तुझ्या पत्राने मला दुःख झालं असं म्हणण्याची सोय तू ठेवली नाहीस. चार झाली. दहाव्या वाक्यापर्यंत दमछाक होते, विसाव्याला आपण कर्ता बदलतो, नकार वापरतो, प्रश्न विचारतो, अतिशयोक्ती करतो, आणि पन्नासाव्याच्या आसपास लक्षात येतं की वाक्य बदललं की आनंदही थोडा बदलतो. इरॅस्मसला नेमकं हेच हवं होतं. शंभर वाक्यं वापरायची नसतातच. त्यांतलं प्रसंगाला शोभणारं एक निवडायचं असतं.

यापुढची पायरी निबंधांची. अफ्थोनिअस नावाच्या एका जुन्या ग्रीक शिक्षकाचं चौदा स्वाध्यायांचं पुस्तक लॅटिन रूपात शाळाशाळांतून वापरलं जाई. गोष्ट सांगा, ती खोडून काढा, तीच खरी ठरवा, एखाद्याची स्तुती करा, निंदा करा, दोघांची तुलना करा, असे ते स्वाध्याय चढत्या क्रमाने जातात. त्यातला एक फार महत्त्वाचा. पुराणकथेतल्या एखाद्या पात्राच्या तोंडी त्या विशिष्ट घडीला शोभेल असं भाषण लिहा. नमुना म्हणून दिलेलं भाषण आहे सगळी मुलं मेल्यावर निओबी काय बोलेल त्याचं. बारा-तेरा वर्षांच्या इंग्रज पोराने मूल गमावलेल्या आईच्या मनात शिरायचं, तेही लॅटिनमध्ये. पुढे हॅम्लेट आपल्या आईचे अश्रू आठवतो तेव्हा त्याला निओबीच आठवते. नाटकवाल्यांच्या त्या पिढीला दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय शाळेतच लागली होती.

आणि दोन्ही बाजूंनी बोलायची सवय. आज या बाजूने, उद्या त्या बाजूने. लग्न करावं की न करावं, हा असाच एक ठरलेला विषय. एका तरुणाला लग्नासाठी पटवणारं इरॅस्मसचं एक पत्र थॉमस विल्सनने इंग्रजीत आणून 1553 च्या आपल्या रेटरिकच्या पुस्तकात घातलं. शेक्सपिअरची पहिली सतरा सुनीतं एका देखण्या तरुणाला लग्न कर, मूल होऊ दे म्हणून गळ घालतात. ती या पत्राशेजारी ठेवली की दोन्हीकडचे मुद्दे एकमेकांना ओळख देतात. जाता जाता विल्सनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रोममध्ये धर्मन्यायालयाने त्याला पकडलं, आणि त्याच्यावरच्या ठपक्यात त्याची तर्कशास्त्रावरची आणि रेटरिकवरची पुस्तकं होती. 1559 मध्ये पोप वारला, लोकांनी दंगल करून तुरुंग फोडला, त्या गोंधळात हा निसटला. लोकांचं मन वळवण्याचं शास्त्र लिहिणाऱ्याचा जीव शेवटी खवळलेल्या जमावामुळे वाचला.

आता तो प्रसंग. 'ज्युलिअस सीझर', अंक तिसरा, प्रवेश दुसरा. 21 सप्टेंबर 1599 रोजी थॉमस प्लाटर नावाच्या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये सीझरवरचं एक नाटक पाहिल्याची नोंद केली आहे, आणि ते हेच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. कथा शेक्सपिअरने प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांवरून घेतली, थॉमस नॉर्थच्या 1579 च्या इंग्रजी भाषांतरातून. प्लुटार्क सांगतो, की सीझरच्या अंत्यविधीत त्याचा मित्र अँटनी याने भाषण केलं, रक्ताळलेले कपडे दाखवले आणि लोक पेटले. भाषणाचे शब्द तो देत नाही. म्हणजे शेक्सपिअरपुढे जुनाच गृहपाठ आला: अमक्या प्रसंगी अमका काय बोलेल ते लिहा. आणि पाठोपाठ दोन भाषणं, एकाच खुनावर, दोन विरुद्ध बाजूंनी.

पहिला ब्रूटस, सीझरच्या मारेकऱ्यांतला एक. गद्यात बोलतो, थोडक्यात बोलतो. प्लुटार्कने ब्रूटसच्या ग्रीक पत्रांच्या तुटक शैलीचा उल्लेख केला आहे, तोच बाज. 'माझं सीझरवरचं प्रेम कमी होतं असं नाही, रोमवरचं जास्त होतं' या अर्थाचं त्याचं वाक्य तराजूसारखं दोन्ही पारड्यांत बरोबर तोललेलं आहे. लगेच पुढे, सीझर माझ्यावर प्रेम करायचा म्हणून मी रडतो, तो भाग्यवान होता म्हणून आनंद मानतो, शूर होता म्हणून मान देतो, पण महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. वाक्याचे चारही तुकडे एकाच मापाचे. तीनदा मान डोलावलेली असते, चौथ्यांदा ती आपसूक डोलते. प्राध्यापक वर्गात इथे थांबवून विचारतो: सीझर महत्त्वाकांक्षी होता याचा पुरावा ब्रूटसने काय दिला? मुलं पान उलटसुलट करतात. पुरावा नाहीच. एकही नाही. वाक्याचा तोल इतका नेटका आहे, की तोच पुरावा वाटतो.

मग ब्रूटस विचारतो, गुलाम व्हायला आवडेल असा नीच इथे कोण आहे? असेल तर बोला. आणि उत्तरासाठी थांबतो. अशा प्रश्नाला 'मी' म्हणून हात कोण वर करणार? "कुणी नाही, ब्रूटस, कुणी नाही." लोक इतके खूश होतात, की एक जण ओरडतो, यालाच सीझर करा! एका माणसाची सत्ता नको म्हणून केलेला खून, आणि तो पटला म्हणून लोक मारेकऱ्यालाच त्या जागी बसवायला निघाले. भाषण यशस्वी झालं, पण ऐकणाऱ्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ब्रूटसला हे दिसत नाही. तो अँटनीला शेवटचा शब्द देऊन निघून जातो. वक्तृत्वाच्या कुठल्याही शिक्षकाने इथे कपाळावर हात मारला असता.

आता अँटनी. कवितेत बोलतो. त्याला अट घातलेली आहे: मारेकऱ्यांना दोष द्यायचा नाही. मग तो त्यांची स्तुतीच करत सुटतो. ब्रूटस सन्माननीय माणूस आहे, हे पालुपद. पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी सीझरचं एकेक कृत्य ठेवलेलं. त्याने कैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी खजिना भरला. ही महत्त्वाकांक्षा? गरीब रडले तेव्हा तो रडला. लुपर्कॅलच्या सणात मी तीनदा मुकुट पुढे केला, तीनदा त्याने नाकारला. ब्रूटस मात्र म्हणतो महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस सन्माननीय माणूस आहे. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतील. पण इथे नाव ठेवून पुढे गेलं तर गंमत हुकते. विशेषणाला अँटनीने हात लावलेला नाही. प्रत्येक फेरीत त्याच्या आजूबाजूचं सामान बदललं आहे. चौथ्या-पाचव्या फेरीला श्रोतेच ते विशेषण दात विचकून म्हणू लागतात.

आणि मग तोही थांबतो. माझं काळीज त्या शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबलं पाहिजे. ब्रूटस थांबला होता तो उत्तरासाठी, आणि उत्तर एकच शक्य होतं. अँटनी रडू आवरायला थांबतो, काहीच विचारत नाही, आणि त्या रिकाम्या वेळात लोक आपापसांत बोलायला लागतात. याच्या बोलण्यात तथ्य आहे हं. बिचाऱ्याचे डोळे बघा. मुकुट घेतला नाही म्हणजे महत्त्वाकांक्षी नव्हताच. निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला, तेव्हा तो त्यांना स्वतःचाच वाटणार. त्याचे अश्रू खरे होते की खोटे? नाटक सांगत नाही. दोन्ही असू शकतात असं मला वाटतं, आणि तेच जास्त भीतिदायक आहे.

पुढे सीझरचं मृत्युपत्र. माझ्याकडे आहे, पण मी वाचणार नाही. तुम्ही त्याचे वारस आहात हे तुम्हाला न कळलेलंच बरं. नाही नाही म्हणत सगळं सांगून टाकण्याच्या या युक्तीला लॅटिन पुस्तकांत स्वतंत्र नाव होतं आणि शाळकरी पोरांना ते पाठ असे. मग तो खाली उतरतो, लोकांना प्रेताभोवती गोल उभं करतो आणि सीझरचा झगा हातात घेतो. हा त्याने पहिल्यांदा घातला तो दिवस मला आठवतो. उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, तो तंबूत होता, नर्व्ही टोळीला हरवलं तो दिवस. इथून कॅशिअसचा खंजीर गेला. इथून कास्काचा. आणि इथून लाडक्या ब्रूटसचा.

इथे शंभरातला एखादा विद्यार्थी हात वर करतो. खून झाला तेव्हा अँटनी तिथे होता कुठे? कटातल्या ट्रेबोनिअसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. एक प्रवेश मागे जाऊन पाहा. कुठलं भोक कुणाच्या खंजिराचं, हे त्याला कळणंच शक्य नाही. नर्व्हींची लढाई झाली ख्रिस्तपूर्व 57 मध्ये, आणि इतिहासातला अँटनी सीझरपाशी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, गेला तो त्यानंतर. पण गोष्ट समोर घडताना दिसेल अशी उभी केली, की कुणी पुरावा मागत नाही. त्यातली ती उन्हाळ्यातली संध्याकाळ तर अस्सल कारागिरी. लढाईशी तिचा काही संबंध नाही. खोटं पचवायला असा एक बिनकामाचा तपशील पुरतो.

शेवटी अँटनी म्हणतो, मी ब्रूटससारखा वक्ता नाही बाबांनो, साधा सरळ माणूस. माझ्याकडे ना बुद्धी, ना शब्द, ना हावभाव, ना उच्चार. नीट पाहिलं तर तो रेटरिकच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच वाचून दाखवतो आहे. त्या काळच्या प्रेक्षकांत शाळेत बसलेले जेवढे होते, तेवढे नक्की हसले असणार. रोमन जमाव हसत नाही. तो घरं जाळायला धावतो, आणि पुढच्याच प्रवेशात कटवाल्या सिन्नाच्या नावाचा एक कवी हाती लागतो. मी तो नव्हे, मी कवी आहे, असं तो ओरडतो. मग वाईट कवितांबद्दल फाडा त्याला, म्हणून ते त्याला तसाच फाडतात.

असं वाचन वर्गात शिकवायचं तर व्याख्यान फार उपयोगाचं नाही. प्रबोधनकाळ शिकवणारे बरेच जण म्हणूनच जुने स्वाध्यायच विद्यार्थ्यांना करायला लावतात. एक वाक्य पन्नास तऱ्हांनी लिही. ब्रूटसच्या बाजूने पुराव्यानिशी भाषण लिही. ब्रूटसला जमलं नाही ते करून दाखव. मग त्यालाच उत्तर लिही. दोन्ही मोठ्याने वाच, कारण ही भाषा कानासाठी होती. दुसऱ्या अंकात ब्रूटस एकटाच रात्री बागेत स्वतःशी वाद घालतो, तेव्हा तो आपल्याच मनाला कसा पटवतो हे मग दिसायला लागतं. सीझरविरुद्ध माझी वैयक्तिक तक्रार नाही, आजवर त्याचा विवेक सुटल्याचंही दिसलेलं नाही, पण मुकुट मिळाला तर तो बदलेल, निदान बदलू शकेल, म्हणून आधीच मारलेला बरा. मुद्दा सापडत नाही म्हणून तो बनवतो, आणि बनवतो आहे हे उघड बोलतो. बाहेर भाषण द्यायच्या आधी माणसाने स्वतःला दिलेलं भाषण आहे ते.

हे झालं वर्गातलं. संशोधनाचा दिवस जास्त धुळीचा असतो. त्या काळचं हस्ताक्षर वाचायला वेगळं शिकावं लागतं. अक्षरवळण इतकं परकं, की सुरुवातीला ते इंग्रजी आहे हेही ओळखू येत नाही. लंडनचं ब्रिटिश ग्रंथालय, ऑक्सफर्डचं बोडलियन, वॉशिंग्टनचं फोल्जर ही या लोकांची पंढरी. फोल्जरमध्ये शेक्सपिअरच्या 1623 च्या पहिल्या संग्रहाच्या एकट्या 82 प्रती आहेत. एकाच पुस्तकाच्या एवढ्या प्रती कशाला? कारण छपाई चालू असताना चुका दुरुस्त होत, आणि जुने-नवे कागद एकत्रच बांधले जात. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

'हॅम्लेट'चंच घ्या. ते 1603 मध्ये एकदा छापलं गेलं, 1604-05 मध्ये जवळपास दुप्पट लांबीचं, आणि 1623 मध्ये तिसऱ्या रूपात. 1603 च्या पुस्तकात 'जगावं की मरावं' हे स्वगत निराळंच आहे आणि राजाचा मंत्री पोलोनिअस याचं नावही कोरॅम्बिस आहे. तो मुलाला परदेशी निघताना उपदेश करतो, त्या ओळींच्या आरंभी छापखान्याने अवतरणचिन्हं घातली आहेत. कुणाचं तरी वाक्य उद्धृत केलं म्हणून नव्हे. वाचकाला खूण म्हणून: ही सुवचनं आहेत, वहीत उतरवून घ्या. शाळेपासून प्रत्येकाकडे अशी वही असे. मैत्री, मृत्यू, राजा, पैसा असे मथळे आणि त्यांखाली जमवलेली वाक्यं. लिहायला बसलं की तिच्यातून माल काढायचा. आपण ज्या उपदेशाला म्हाताऱ्याची बडबड समजून हसतो, तो त्या काळच्या छापखान्याला जपून ठेवण्याजोगा वाटला. नाटक लोक कसं वाचत होते, याची एवढी स्वच्छ साक्ष समीक्षेच्या ग्रंथांतही मिळत नाही.

मग एवढी मोठी विद्या घसरली कशी? कारणं अनेक, दोन सांगतो. पॅरिसच्या पीटर रेमस या प्राध्यापकाने मुद्दे शोधणं आणि त्यांची रचना हे भाग तर्कशास्त्राच्या खात्यात टाकले. रेटरिककडे उरली शैली आणि बोलण्याची ढब, म्हणजे नुसतं नटवणं. इकडे इंग्लंडात तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1605 मध्ये तक्रार केली, की लोक आशयापेक्षा शब्दांच्या मागे लागले आहेत, आणि 1667 मध्ये रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅटने शास्त्रज्ञांसाठी अगदी उघड्यावाघड्या भाषेचा आग्रह धरला. दोघांनीही ही टीका उत्तम रेटरिकमध्ये केली आहे, हे सांगायला नकोच.

या विषयाचा एक धागा थेट आपल्या दारात येतो, आणि त्याकडे आपल्याच इंग्रजी विभागांचं फारसं लक्ष जात नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. शेक्सपिअरच्या आधी पंधराएक वर्षं विल्टशरमध्ये जन्मलेला, 1575 मध्ये रोमला जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झालेला, 1579 मध्ये गोव्यात उतरलेला. म्हणजे याच लॅटिन शिस्तीत वाढलेला माणूस. त्याने गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी ओवीत सुमारे 11 हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. शेक्सपिअर वारला तेही त्याच वर्षी. त्यातली ही ओवी शाळेत बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भाषांमाजी चोखळा
भाषा मराठी

रेटरिकच्या नजरेने पाहिलं तर हा स्तुतीचा स्वाध्याय आहे, आणि आपल्या लोकभाषेची स्तुती हा तर त्या काळच्या युरोपचा आवडता विषय. 1582 मध्ये रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या शिक्षकाने लिहिलं होतं, की मी लॅटिनला मान देतो, पण पूजा करतो इंग्रजीची. स्टीफन्सच्या मनात हे वळण होतं का? घाईने हो म्हणू नये. जैसी-तैसीची माळ ओवीला काही रोमहून आलेली नाही, आणि मराठीची थोरवी अमृताशी पैज लावून गाणारे ज्ञानेश्वर त्याच्या आधी तीनशे वर्षं होऊन गेले होते. आधीच्या मराठी कवींचं वाचन त्याच्या पाठीशी आहे, हे त्याच्या ओव्यांवरून दिसतं. मला वाटतं इथे दोन शाळांचे गृहपाठ एका वहीत आले आहेत, आणि कुठली ओळ कुठल्या शाळेची हे ओवीगणिक तपासावं लागेल.

तेही त्यामागचं राजकारण विसरून चालणार नाही. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी काही द्या की. मन वळवण्याची कला इथे सत्तेच्या शेजारी बसून काम करते. गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स आणखी एक गोष्ट सांगतो. शुद्ध मराठी सर्वांना कळत नाही म्हणून त्याने जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द त्यात मिसळले. ऐकणारा कोण आहे ते पाहून भाषा निवडावी, हा सिसेरोचा धडा साष्टीच्या चर्चमध्ये असा वापरला गेला. 1616 च्या छापील प्रती आज हाती नाहीत. अभ्यास चालतो तो हस्तलिखितांवर, आणि त्यांतली देवनागरी प्रत लंडनमध्ये आहे. लॅटिन येणारा, जुनी ओवी कानात असलेला आणि कोंकणी घरात बोलणारा एखादा विद्यार्थी पुढची पाच-सात वर्षं काय करावं असं विचारत असेल, तर त्याला त्या प्रतीकडे पाठवायला हरकत नाही.